कायमची बंदी की ठरावीक काळाची बंदी?

बेटाभोवतालचे प्रवाळ राखण्याचे दोन मार्ग प्रचलित आहेत: एखादा पट्टा मासेमारीला कायमचा बंद करणे, किंवा फिजीतील ‘ताबू’प्रमाणे तो काही काळ बंद ठेवून गरजेला खुला करणे. दुसरा मार्ग गावाच्या लवकर पचनी पडतो. मात्र जपलेला साठा खुला होताच थोड्याच दिवसांत उपसला जाऊ शकतो, आणि त्यात पोपटमासे गेले की प्रवाळांवर वाढून त्यांना झाकणारे शेवाळ खरवडणारेच कमी होतात. फिलिपिन्समधील आपो बेटावर १९८२ पासून प्रवाळांचा एक भाग पूर्ण बंद आहे. तेथील मासे वाढून शेजारच्या पाण्यातही पसरल्याचे संशोधकांना आढळले. बंदी कायम राहिली तर मासे पुरते मोठे होतात, आणि मोठी मादी लहानीपेक्षा कितीतरी पट अंडी घालते, म्हणून माझा कौल कायमच्या बंदीला आहे; अर्थात, पहारा गावाने स्वतः दिला तरच.