मायन्यापुढे काय: स्वल्पविराम, उद्गारचिन्ह की मोकळी जागा?

घरच्या पत्राला मायना काय लिहावा, हे कोणी शिकवावे लागत नाही. वडीलधाऱ्यांना ‘ती.’, धाकट्यांना ‘चि.’, मधल्या सगळ्यांना ‘प्रिय’ किंवा नुसता ‘नमस्कार’. घोळ होतो तो मायना संपला की. ‘प्रिय वहिनी’ लिहून झाले, आता पुढे स्वल्पविराम टाकायचा, उद्गारचिन्ह ठोकायचे, आडवी रेघ मारायची, की काहीच न करता खालच्या ओळीवर उतरायचे? सरकारी अर्ज आणि ‘महोदय’ बाजूला ठेवू, त्यांचे साचे ठरलेले आहेत. हा प्रश्न घरोब्याच्या पत्रांचा आणि मेलचा आहे.

दापोलीकडे आमची आंब्याची कलमे आहेत. हंगामात पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना मेल जातात, आणि त्यातली निम्मी गिऱ्हाइके एव्हाना काका-मावशी झालेली आहेत. शिवाय गणपतीच्या आधी चाकरमानी भावंडांशी कोण कधी येणार, आरत्यांचे पुस्तक कोणाकडे आहे, असा पत्रव्यवहार चालूच असतो. त्यामुळे चारही पर्याय वापरून झाले आहेत.

काहीच चिन्ह न घालणाऱ्यांची बाजू सगळ्यांत जुनी आहे, आणि वाटते तितकी लंगडी नाही. मोडीतल्या पत्रांत विरामचिन्हे नसत, शब्दही सुटे लिहीत नसत. तरी मायना कुठे संपला हे वाचणाऱ्याला कळे, कारण पेशवाईतल्या पत्रांत ‘विज्ञापना ऐसीजे’ आले की मजकूर सुरू झाला हे ठरलेले असे. आपल्या आजोबांच्या कार्डावरचे ‘ती. दादांस सा. न. वि. वि.’ हे तेच काम करी. साष्टांग नमस्कार झाला, विनंती विशेष झाली, आता पुढे वाचा. ‘वि. वि.’ हा पत्राचा उंबरठाच होता, तिथे वेगळे चिन्ह घालायची गरज नव्हती. शिवाय ‘दादांस’ म्हटले की ते सरळ वाक्यच होते, दादांना नमस्कार. अशा वाक्यात मध्येच स्वल्पविराम घातला तर तो उपराच वाटतो.

विरामचिन्हे मराठीत रुळली ती एकोणिसाव्या शतकात, छापखान्यांबरोबर. त्याचे श्रेय इंग्रज कोशकार मेजर थॉमस कँडीला देतात. म्हणजे नुसता मायना लिहून खाली उतरणारा माणूस आळशीच असतो असे नाही, तो कँडीच्या आधीच्या वळणाने जात असेल.

पण त्या वळणातला ‘सा. न. वि. वि.’ आपण मधल्या काळात टाकून दिला. आता उरले ‘प्रिय आत्या’, आणि त्याखाली थेट मजकूर. कागदावर हेही चालते, कारण ओळ बदललेली डोळ्याला दिसते. फोनवर ती दिसत नाही, आणि माझे घोडे पेंड खाते ते इथेच.

मेल आला की फोनच्या माथ्यावर पट्टी येते, तिच्यात पहिले काही शब्द दिसतात. ते शब्द सलग असतात. पाठवणाऱ्याने ओळ बदलली होती की परिच्छेद सोडला होता, याची पट्टीला फिकीर नसते. आमची आत्या आमच्याकडेच राहते. ती फोन वापरत नाही, तिचे मेल माझ्या खात्यावर येतात. धाकट्या भावाने मुंबईहून एस.टी.च्या पार्सलने तिच्यासाठी एक पिशवी पाठवली होती आणि मेलमध्ये लिहिले होते, ‘प्रिय आत्या’, खालच्या ओळीवर ‘आली का पिशवी?’ मी तेव्हा खाली बागेत होतो. पट्टीवर अक्षरे उमटली: ‘प्रिय आत्या आली का’. बस्, तिथेच तुटलेली.

आत्या गेली कुठे, हा पहिला विचार. घरी फोन लावावा तर बागेत रेंज नाही. घाटी चढून वर आलो, तर आत्या ओटीवर आमसुले उलटीपालटी करत बसलेली. वर मलाच विचारते, एवढा धापा का टाकतोस रे? पिशवी आली नव्हती ते वेगळेच.

भावाला हे सांगितले तर तो म्हणाला, पूर्ण मेल उघडायचा की! बरोबर आहे त्याचे. पण पट्टी असते ती उघडायच्या आधी वाचण्यासाठीच. आणि मराठीत हा धोका जरा जास्तच आहे, कारण आपले क्रियापद वाक्यात कुठेही बसते. ‘नमस्कार वहिनी पोचल्या का’ यात पेट्या पोचल्या की वहिनी, हे पुढचा शब्द दिसेपर्यंत कळत नाही. ‘प्रिय काका आले’ म्हणजे चहात घालायचे आलेसुद्धा असू शकते. ‘प्रिय आत्या,’ एवढे असते तर निदान आत्याला हाक मारली आहे हे समजले असते. प्रत्येक फोनवर असेच होते असे मी म्हणणार नाही, माझ्या फोनवर होते.

उद्गारचिन्हाबद्दल मला मत्सर नाही. पुतणी ‘काका!’ एवढेच लिहून सुरुवात करते तेव्हा बरे वाटते, ती दारातून धावत आल्यासारखी वाटते. पट्टीवरही ते काम चोख करते, ‘प्रिय आत्या! आली का’ यात गैरसमजाला जागा नाही. तरुण मंडळींचा मुद्दा असा की स्वल्पविराम कोरडा दिसतो, रागावल्यासारखा. असेलही. पण मराठीत माया चिन्हावर अवलंबून नसते. ‘अगो वहिनी’, ‘काय रे भाऊ’, यांतल्या ‘गो’ आणि ‘रे’ मध्ये ती आधीच आलेली असते. त्यापुढे उद्गारचिन्ह म्हणजे गोड शिऱ्यावर पुन्हा साखर. आणि ‘ती. बाबा!’ तर मला अजून पचत नाही. बाबांना कोणीतरी दरडावल्यासारखे वाटते.

खरी अडचण बातमी वाईट असली की येते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धनच्या बाजूने किनाऱ्यावर आले, दापोली-मंडणगडलाही त्याने झोडपले. वीज गेली, फोन गेले. रेंज आल्यावर पहिला मेल मुंबईच्या दादाला लिहायचा होता: माणसे सुखरूप, कौले गेली, पोफळी आडव्या झाल्या, कलमे मुळासकट उपटली. त्यावर ‘प्रिय दादा!’ लिहवेल का? उद्गारचिन्हाने सुरुवात केली की पुढचा मजकूर त्याच्या मापाचा असावा लागतो. स्वल्पविरामाला बारसे आणि दहावा सारखेच. आज ‘!’ आणि उद्या ‘,’ असे करावे तर ज्याला सवय झाली तो स्वल्पविराम दिसताच विचारतो, सगळे ठीक ना?

एक क्षुल्लक गोष्ट, पण मला रोज भेटणारी. माझ्या संगणकावर इन्स्क्रिप्ट कळफलक आहे, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराची कळ ठरलेली. त्यात शिफ्ट धरून 1 दाबले की उद्गारचिन्हाऐवजी ‘ऍ’ उमटतो. उद्गारचिन्हासाठी कळफलक इंग्रजीवर न्यायचा, चिन्ह मारायचे, परत मराठीवर यायचे. एवढ्या कवायतीत उमाळा ओसरतो. उच्चाराप्रमाणे टंकणाऱ्यांना ही अडचण नाही.

आडवी रेघ जुन्या हाताच्या लोकांची. ‘चि. भाऊस —’ असे शाईने लिहिलेले छान दिसते. फोनवर ती लांब रेघ शोधावी लागते, म्हणून लोक छोटी टाकतात आणि ती नावाचाच भाग वाटते. अपूर्णविराम तर देवनागरीत नकोच. ‘प्रिय आजी:’ यातले दोन ठिपके विसर्गासारखे दिसतात आणि आजी संस्कृतात जाते. अक्षर आणि ठिपक्यांमध्ये जागा सोडली तर ओळ भरल्यावर ठिपके एकटेच खाली जाऊन बसतात. इंग्रजीत, विशेषतः अमेरिकेत, तो औपचारिक पत्रात चालतो. तिकडे चालू द्या.

भाचा जर्मनीत असतो. त्याच्याकडून कळले की तिथेही पूर्वी मायन्यापुढे उद्गारचिन्ह असे, आता स्वल्पविराम रूढ आहे. पण मायना आणि मजकूर मिळून एकच वाक्य धरतात, म्हणून खालची ओळ लहान अक्षराने सुरू होते. इंग्रजीत स्वल्पविरामानंतरही मोठेच अक्षर. देवनागरीत लहान-मोठे नाहीच, त्यामुळे या भांडणातून आपण जन्मतःच सुटलो आहोत. स्वल्पविराम टाकावा आणि खाली उतरावे.

त्यालाही खोडी आहेत, नाही असे नाही. ‘नमस्कार दादा,’ की ‘नमस्कार, दादा,’? शाळेतला नियम असा की संबोधनाशी स्वल्पविराम येतो. तो काटेकोर पाळला तर तीन शब्दांच्या आत दोन शेपट्या. मी पहिली सोडतो. व्याकरणाच्या मास्तरांना ते रुचणार नाही, पण ‘नमस्कार दादा’ आपण एका श्वासात म्हणतो. दुसरी खोड ‘सा. न. वि. वि.’ ची. तिथे शेवटचा ठिपका आधीच असतो, त्यापुढे स्वल्पविराम घातला तर माशीला शेपूट फुटल्यासारखे दिसते. म्हणून ज्या दोन-चार वडीलधाऱ्यांना मी अजून जुना मायना लिहितो, तिथे ‘ती. अण्णांस’ आणि ‘सा. न. वि. वि.’ एकाच ओळीत, मधे काही न घालता. बाकी सगळ्यांना, गिऱ्हाइकांपासून आत्यापर्यंत, स्वल्पविराम.

तुमचे सगळे पत्रमित्र विशीतले असतील आणि बातम्या नेहमी गोडच असतील तर उद्गारचिन्ह घ्या, मी अडवणार नाही. अजून कागदावरच लिहीत असाल तर मोकळी जागाही शोभेल. मात्र मेल फोनवर वाचला जाणार असेल आणि पहिलाच शब्द क्रियापद असेल, तर आधी तो स्वल्पविराम टाका, मग विचारा पिशवी आली का.