कॅमेऱ्याची बॅग घेताय? आधी आतलं लेबल शोधा

महाग बॅग विकणं हा काही गुन्हा नाही. कुणी स्वतः डिझाइन केलं, कापड चांगलं वापरलं, पुढे चेन बिघडली तर बदलून दिली, तर त्याने खुशाल चौपट पैसे घ्यावेत. माझी तक्रार खोटं सांगून उकळलेल्या पैशांबद्दल आहे.

मी ऑनलाइन मागवलेल्या बॅगेच्या माहितीत लिहिलं होतं: १६८० डेनिअरचं बॅलिस्टिक नायलॉन, जपानी चेन, पूर्ण वॉटरप्रूफ, फोटोग्राफरनीच तयार केलेलं डिझाइन. बॅलिस्टिक म्हणजे जाड, घट्ट विणीचं नायलॉन, आणि मला भुरळ पडली ती त्याचीच. कॅमेऱ्याच्या दोन बॉडी आणि एक जड लेन्स घेऊन फिरलं की बॅग तळाशी आणि कोपऱ्यांवरच झिजते, आणि तिथे चांगलं नायलॉन पॉलिएस्टरपेक्षा जास्त टिकतं. पुढे एका मैत्रिणीने तिची बॅग माझ्या बॅगेशेजारी ठेवली आणि मला क्षणभर कळेना, माझी कुठली. तिच्या बॅगेवर कंपनीचं नाव नव्हतं, एवढाच फरक. किंमत माझ्या बॅगेच्या पाव.

आधी वाटलं, तिची नक्कल असणार. असं होतंच. २०२१ मध्ये पीक डिझाइन या कंपनीने आपल्या स्लिंग बॅगेशी मिळतीजुळती बॅग ॲमेझॉन बेसिक्सने काढल्याबद्दल खिल्ली उडवणारा व्हिडिओच केला होता. म्हणून आम्ही दोन्ही बॅगा रिकाम्या करून उलट्या केल्या.

बकलच्या आतल्या बाजूला साच्याचे बारीक आकडे असतात, ते सारखेच निघाले. त्यावरून काही ठरत नाही, कारण बकल बहुतेक कंपन्या बाहेरून घेतात. पण डाव्या बाजूचा बाटलीचा कप्पा दोन्हींत इतका अरुंद, की त्यात कुठलीच बाटली जाईना. चूकसुद्धा तीच! मग मैत्रिणीच्या बॅगेत, अस्तराच्या शिवणीत, अंगठ्याएवढं पांढरं लेबल सापडलं: बाहेरचं कापड १००% पॉलिएस्टर. माझ्या बॅगेत नेमक्या त्याच जागी त्याच पांढऱ्या पट्टीचं थोटूक होतं. कात्रीने सरळ कापलेलं.

असल्या बॅगा कारखाने बिननावाच्या बनवतात. ठरावीक नग घ्या, हवं ते नाव छापून मिळतं. हा धंदा उघड आहे आणि त्यात गैरही काही नाही. लेबल कापून वर नायलॉन लिहिणं मात्र शुद्ध लबाडी.

डेनिअरच्या आकड्यानेही दबून जाऊ नका. ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनिअर. त्यातून धागा किती जाड ते कळतं, कशाचा आहे ते नाही. १६८० डेनिअरचं पॉलिएस्टरही सर्रास मिळतं. नुसताच आकडा लिहिलाय आणि कापडाचं नाव गाळलंय, तर तिथेच थांबून विचारा. वॉटरप्रूफचंही तसंच. सुईच्या प्रत्येक भोकातून आणि साध्या चेनमधून पाणी झिरपतं. माझ्या 'पूर्ण वॉटरप्रूफ' बॅगेच्या तळाच्या कप्प्यात रेनकव्हर घडी करून ठेवलेलं होतं, ते कशासाठी असेल? आणि जपानी चेन? वायकेके या जपानी चेन कंपनीची अक्षरं फक्त पुढच्या कप्प्याच्या रनरवर. मुख्य कप्प्याची चेन, जिच्यावर सगळा भार येतो, ती निनावी.

विक्रेत्याला फोटो पाठवले. आधी उत्तर आलं, बॅचप्रमाणे थोडा फरक पडतो. नंतर पुढच्या खरेदीवर सवलतीचं कूपन. त्यानंतर माहितीतलं 'नायलॉन' गायब होऊन तिथे 'प्रीमियम फॅब्रिक' आलं. सुदैवाने इतर बॅगांशी तुलना करताना मी ते पान पीडीएफ करून ठेवलं होतं. पैसे कार्डाने भरले होते, त्यामुळे बँकेकडे 'वस्तू वर्णनाप्रमाणे नाही' अशी तक्रार नोंदवली. सोबत पीडीएफ, दोन्ही शिवणींचे फोटो आणि विक्रेत्याची उत्तरं जोडली. पैसे परत मिळाले. पण या तक्रारीला मुदत असते. 'वरिष्ठांशी बोलून कळवतो' म्हणत विक्रेता ती मुदतच खात असतो, तेव्हा त्याच्या उत्तराची वाट बघत बसू नका.

खरेदीआधी बॅगेचा फोटो इमेज सर्चमध्ये टाकून बघा. तीच बॅग वेगवेगळ्या नावांनी समोर आली, तर किमतीतला फरक कशाचा हे विक्रेत्यालाच विचारा. अभिप्रायही तळापर्यंत वाचा. माझ्या बॅगेखालचे जुने अभिप्राय चक्क ट्रायपॉडचे होते. जुन्याच पानावर नवी वस्तू चढवून तारे तेवढे ठेवून घेतले होते. आणि आतल्या लेबलचा फोटो मागा. ज्याच्या बॅगेत लेबल आहे, त्याला तो पाठवायला एक मिनिटही लागत नाही.