आठ महिने व्हिडिओ फाइली कन्व्हर्ट करून: काय ठेवलं, काय सोडलं

५२ मिनिटांची मुलाखत होती, फोनवर चित्रित केलेली. एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर टाकली तेव्हा पहिल्या मिनिटाला ओठ आणि आवाज बरोबर जुळत होते. चाळिसाव्या मिनिटाला आवाजात माणूस बोलून हसायला लागला तरी ओठ अजून आधीचंच वाक्य पुरं करत होते. मी क्लिप कापून सरकवली, दहा मिनिटांनी पुन्हा तेच. त्या रात्री घाईघाईने एक सशुल्क कन्व्हर्टर विकत घेतला (नाव घेत नाही) आणि पुढचे दोन महिने हाती आलेली प्रत्येक फाइल त्यातून काढत राहिलो. आता आठ महिने झाले. तो कन्व्हर्टर सुटला. त्याच्या जागी हँडब्रेक, शटर एन्कोडर आणि अधूनमधून थेट एफएफएमपेग (कमांड टाइप करून चालवायचं साधन) अशी तीन फुकट साधनं आली, आणि मुख्य म्हणजे दहातल्या सात फाइली मी आता कन्व्हर्टच करत नाही.

माझं काम शिकवणीच्या व्हिडिओंचं. संगणकाचा पडदा ओबीएस या सॉफ्टवेअरमध्ये रेकॉर्ड होतो, बोलणारा चेहरा फोनवर, आवाज कधी फोनचाच तर कधी वेगळ्या रेकॉर्डरवर. मोठा कॅमेरा नाही. तुमचं तसं नसेल तर पुढचं थोडं वेगळं लागू होईल.

आवाज सरकण्याचं मूळ कारण कळायला मला फार वेळ लागला. मला वाटत होतं फाइल ‘खराब’ आहे. मीडियाइन्फोमध्ये (फाइलचा तपशील दाखवणारं साधन) उघडली तर फ्रेमरेटच्या (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं) ओळीत व्हेरिएबल, म्हणजे बदलता, लिहिलेलं, किमान २४च्या आसपास आणि कमाल ३०च्या थोडं वर. उजेड कमी झाला की फोन प्रत्येक फ्रेमला जास्त वेळ देतो, म्हणजे सेकंदाला फ्रेम कमी पडतात. काही स्क्रीन रेकॉर्डरही पडद्यावर काही हलत नसेल तर फ्रेम गाळतात. व्हिडिओ प्लेअरला याचं काही वाटत नाही, कारण प्रत्येक फ्रेमवर वेळेचा शिक्का असतो आणि तो शिक्का बघून चालतो. एडिटिंग सॉफ्टवेअरला मात्र ठरावीक तालात फ्रेम मोजायच्या असतात. ताल आधीच बिघडलेला असला की काही सॉफ्टवेअर सांभाळून घेतात, काही घेत नाहीत. माझं घेत नव्हतं.

तर अशा फाइलींना कन्व्हर्ट करायलाच हवं, आणि त्यासाठी हँडब्रेक उत्तम आहे. पण एक खोच आहे. व्हिडिओच्या टॅबमध्ये फ्रेमरेटचा आकडा निवडला की काम झालं असं वाटतं. तसं नाही. आकड्याशेजारी पीक आणि कॉन्स्टंट (एकसारखा) असे दोन पर्याय असतात, आणि तयार प्रीसेटमध्ये बहुतेकदा पीकवर टिंब असतं. पीक म्हणजे ३०च्या वर जाऊ नको एवढंच. खाली घसरायला मोकळीक आहेच. माझ्या पहिल्या सहा फाइली अशाच गेल्या, कन्व्हर्ट होऊनही व्हेरिएबलच. कॉन्स्टंट निवडा, क्वालिटीचा आकडा १६ ते १८ ठेवा (कमी आकडा म्हणजे चांगलं चित्र, मोठी फाइल), बस. माझ्या सशुल्क कन्व्हर्टरमध्ये हा पर्याय शोधूनही सापडला नाही. दोन महिने मी तो बरा होईल या आशेवर चालवत होतो आणि तो प्रत्येक वेळी चित्र थोडं धूसर करून तोच बिघडलेला ताल परत देत होता.

दुसरी चूक जास्त महागात पडली. ओबीएसमध्ये मी माइकचा आवाज एका ट्रॅकवर आणि संगणकाचा आवाज दुसऱ्यावर घेतो, म्हणजे नंतर सूचनेची टिंग-टिंग काढता येते. हँडब्रेकला वेगळं सांगितलं नाही तर तो नेहमीच्या सेटिंगला एकच ऑडिओ ट्रॅक घेतो. एफएफएमपेगचंही तसंच: सगळे ट्रॅक हवेत तर ‘मॅप’ या पर्यायाने स्पष्ट सांगावं लागतं. मी नवी फाइल पहिल्या मिनिटापर्यंत बघितली, छान वाटली, मूळ फाइल उडवली. माइकचा ट्रॅक दुसरा होता. धडा पुन्हा बोलावा लागला, आणि दुसऱ्यांदा बोलताना पहिल्यासारखा जमला नाही हे वेगळं सांगायला नको. तेव्हापासून नवी फाइल टाइमलाइनवर सुरुवात, मध्य, शेवट अशी तीन ठिकाणी ऐकल्याशिवाय जुनी जात नाही.

आता जे कन्व्हर्ट करत नाही त्याबद्दल. ओबीएस एमकेव्ही फाइल देतं तेव्हा त्यामागे शहाणपण आहे. साध्या एमपीफोरमध्ये फाइलचा नकाशा अगदी शेवटी लिहिला जातो. मध्येच वीज गेली तर नकाशा नाही आणि फाइल उघडत नाही. एमकेव्हीत तिथपर्यंतचं शाबूत राहतं. पण बरीच एडिटिंग सॉफ्टवेअर एमकेव्ही घेत नाहीत, आणि मी इतके दिवस नुसता डबा (फाइलचा प्रकार, एमकेव्हीचा एमपीफोर) बदलायचा सोडून आतला मालच नव्याने शिजवत होतो. शटर एन्कोडरमध्ये रीरॅप निवडलं, किंवा ओबीएसच्याच मेन्यूतून रीमक्स केलं, की आतलं चित्र आणि आवाज जसेच्या तसे राहून डबा तेवढा बदलतो. तासाभराची फाइल डिस्कच्या वेगाने होते, म्हणजे चहा ओतेपर्यंत. हँडब्रेककडून हे होत नाही. तो चित्र नेहमी नव्यानेच एन्कोड करतो. ते त्याचं कामच आहे, त्यात दोष नाही, पण मला हे आधी माहीत असतं तर रात्रभर पंखा घोंघावत ठेवलेला संगणक झोपू शकला असता.

मग प्रोरेस, म्हणजे एडिटिंगसाठी बनवलेला व्हिडिओ फॉरमॅट. एडिटिंग अडखळत असेल तर प्रोरेस किंवा त्याच जातीचा डीएनएक्सएचआर करा असं सगळे सांगतात, आणि कारणही खरं आहे. एच.२६४ सारख्या दाबून छोट्या केलेल्या फाइलीत पूर्ण चित्र अधूनमधूनच साठवलेलं असतं, बाकीच्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते. एक्स२६४च्या (एच.२६४ फाइल बनवणाऱ्या एन्कोडरच्या) मूळ सेटिंगला दोन पूर्ण फ्रेममध्ये २५० फ्रेमपर्यंत अंतर पडू शकतं; ३०च्या तालाला ते आठ सेकंदांहून जास्त. मधल्या एका फ्रेमवर उडी मारली की सॉफ्टवेअरला मागे जाऊन तिथपर्यंत सगळं जुळवत यावं लागतं. प्रोरेसमध्ये प्रत्येक फ्रेम स्वतंत्र, त्यामुळे मागेपुढे ओढताना लोण्यासारखं चालतं. फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

पण वजन बघा. १०८०पी (फुल एचडी) चित्राला २९.९७च्या तालात साधा प्रोरेस ४२२ सेकंदाला १४७ मेगाबिट खातो. तासाला ६६ जीबी! प्रोरेसचाच हलका प्रकार एलटी घेतला तर ४६च्या आसपास, त्याहून हलका प्रॉक्सी प्रकार २०. डीएनएक्सएचआरचा एसक्यू प्रकारही साधारण ४२२च्याच वजनाचा. आणि एवढं करून चित्र सुधारत नाही. फोनने ८ बिटमध्ये, रंगाचा बराच तपशील टाकून जे साठवलं तेवढंच आत असतं. मोठ्या पेटीत ठेवलं म्हणून दागिना वाढत नाही. पहिल्या तीन महिन्यांत मी पडद्याच्या रेकॉर्डिंगचाही प्रोरेस करत होतो, जिथे बाण हलण्यापलीकडे काही घडत नाही. आता एडिटिंग सॉफ्टवेअरकडूनच प्रॉक्सी (हलक्या तात्पुरत्या प्रती) बनवून घेतो. कापाकापी हलक्या प्रतीवर, शेवटचं रेंडर मूळ फाइलवरून.

शटर एन्कोडरबद्दल एक इशारा, चूक सर्वस्वी माझीच होती. त्यात कॉन्फॉर्म नावाचं काम आहे. मी ते ‘ताल नीट करणे’ असं समजून ३०ची फाइल २९.९७ केली. कॉन्फॉर्म फ्रेम बदलत नाही, वेग बदलतो. फाइलमधला आवाज बरोबर राहिला, पण रेकॉर्डरवरचा वेगळा आवाज तासाभरात ३.६ सेकंदांनी सुटला. पॉइंट शून्य तीनचा फरक कुणाला दिसतोय असं म्हणणाऱ्यांत मीही होतो.

हार्डवेअर एन्कोडिंगने (कन्व्हर्ट करायचं काम ग्राफिक्स चिपकडे देण्याने) वेळ खूप वाचतो, पण त्याच दर्जाला फाइल मोठी होते. एडिटिंगपुरती तात्पुरती प्रत असेल तर बिनधास्त वापरा. फोनवरचा एचडीआर (जास्त उजेड-रंग टिपणारं चित्रण) मात्र मी रेकॉर्ड करतानाच बंद करून टाकला आहे; साध्या टाइमलाइनवर ते चेहरे आजारी माणसासारखे फिके दिसत होते आणि कन्व्हर्ट करून ते दुरुस्त करण्यात एक रविवार गेला.

मागच्या आठवड्यात जुने प्रोरेसचे फोल्डर उडवले तेव्हा १.१ टीबी जागा मोकळी झाली. सशुल्क कन्व्हर्टरचं लायसन्स अजून चार महिने चालू आहे. रोज सकाळी तो एक खिडकी उघडून अपडेट हवंय का विचारतो.