पोटरीत गोळा आला की आधी काय, ताणणं की ओआरएस?

टेनिसचे दोन-तीन सेट खेळून घरी येऊन सोफ्यावर टेकलो की पोटरीत असा गोळा येतो की बोंबच मारावी. तेव्हा ताणणंच बेस्ट, गुडघा सरळ ठेवून पंजा आपल्याकडे ओढायचा, अर्धा मिनिट धरायचा, बहुतेक वेळा सुटतो. ओआरएस त्या क्षणी काही कामाचं नाही, ते पोटातून रक्तात जाईपर्यंत गोळा आपोआपच गेलेला असतो, पण टीशर्ट पिळण्याइतका घाम गेला असेल तर नुसतं पाणी ढोसण्यापेक्षा तेच बरं, मोठी पुडी लिटरभर पाण्यात, अर्ध्या ग्लासात नाही हां. आणि टेनिसपटू अल्काराझला २०२३ च्या फ्रेंच ओपन सेमीफायनलला गोळे आले तेव्हा त्यानं टेन्शनचं कारण सांगितलं, त्यावर कुठली पुडी? लघवी काळपट झाली तर मात्र दोन्ही सोडून सरळ डॉक्टर.