गॅरी डेव्हिस: आधी 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' की न्यूपोर्टचा लाइव्ह?

ग्रेटफुल डेड नाहीतर हॉट ट्यूना हे अमेरिकन रॉक बँड ऐकत ऐकत जे लोक रेव्हरंड गॅरी डेव्हिस या ब्लूज आणि गॉस्पेल गाणाऱ्या अमेरिकन गिटारवाल्यापर्यंत पोचतात ते बहुतेक इथेच अडतात, की आधी १९६० चा 'हार्लेम स्ट्रीट सिंगर' हा अल्बम घ्यायचा की १९६५ च्या न्यूपोर्ट लोकसंगीत फेस्टिव्हलचा लाइव्ह अल्बम. मी दोन्ही घेतले, दोन्ही मनापासून ऐकले, आणि आता बहुतेक एकच लावतो.

सुरुवात मी न्यूपोर्टपासून केली होती. एकोणसत्तर वर्षांचा माणूस, तान्हेपणीच दृष्टी गेलेली, डावं मनगट कधीतरी मोडून वाकडंच जुळलेलं, वाजवायला उजव्या हाताचा फक्त अंगठा आणि पहिलं बोट, आणि तरी 'बक डान्स' ही गिटारची धून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला दोघंजण वाजवतायत असंच वाटलं होतं, मी नीट कान देऊन परत ऐकलं तरी पटेना. गिटार शिकत असाल तर माझ्या मते हाच घ्या. बॅप्टिस्ट पाद्री असूनही इथे तो नुसती देवाची गाणी गात नाही, आणि समोर माणसं असली की काय खुलतो तो!

हार्लेमवाल्यात बारा गाणी, बाराही देवाची, न्यू जर्सीत रुडी व्हॅन गेल्डरच्या स्टुडिओत एका दिवसात झालेली. जॅझच्या रेकॉर्डिंगसाठी हा माणूस फार नावाजलेला, जॅझवाल्यांना नाव पुरे. आवाज असा की माणूस आपल्या बाजूच्या खुर्चीत बसलाय, रस्त्यावर वर्षानुवर्षं गाऊन चिरलेला घसा, आणि ओळ अर्धी सोडून उरलेली तो गिटारकडून म्हणून घेतो. 'सॅम्सन अँड डिलायला' यात आहे, ते पीटर, पॉल अँड मेरी या लोकगीतं गाणाऱ्या तिघांनी गायलं आणि त्या रॉयल्टीतून म्हाताऱ्याने क्वीन्समध्ये घर घेतलं, हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आता माझं कुठे अडलं ते सांगतो. 'डेथ डोन्ट हॅव नो मर्सी' दोन्हीकडे आहे. मरण घरी येतं, फार वेळ थांबत नाही, आणि बघावं तर अंथरुणातलं माणूस गेलेलं असतं, एवढंच गाणं. बाबा गेले त्या आठवड्यात रात्री झोप येत नव्हती म्हणून मी न्यूपोर्टवालं लावलं, आईची खोली शेजारीच, आवाज अगदी बारीक ठेवलेला, गाणं संपलं आणि धाडकन टाळ्या. मला ते सहनच झालं नाही. त्या लोकांचं काही चुकलं असं नाही, फेस्टिव्हल म्हटल्यावर टाळ्या येणारच. पण आमच्याकडे त्याच दिवसांत रोज संध्याकाळी भजन बसत होतं, तिथे अभंग संपला की सगळे गप्प बसायचे, कोणीतरी हळूच डोळे पुसायचं, आणि मग पुढचा अभंग. हार्लेमवाल्यात शेवटची तार विरते आणि पुढे काही नाही. मला तेवढंच पाहिजे होतं.

ज्याला नुसती बोटं ऐकायचीत त्याला कदाचित टाळ्या खटकणारही नाहीत, शिवाय 'बक डान्स' हार्लेमवाल्यात नाही, ही उणीव आहेच. तरी एकच घेणार असाल तर मी हार्लेम म्हणेन. न्यूपोर्टही कधीमधी लावतो, पण ते एक गाणं आलं की टाळ्यांच्या आधीच पुढे ढकलतो.