सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ आलं: पुढे फायब्रोस्कॅन करावा की आधी रक्ताचे आकडे बघावेत?

सातपूरच्या कारखान्यातली वार्षिक तपासणी झाली आणि माझ्या थोरल्या भावाच्या हाती कागद आला: ‘ग्रेड 2 फॅटी लिव्हर’. वहिनी म्हणाली, लगेच फायब्रोस्कॅन (यकृताचा कडकपणा मोजणारी तपासणी) करून घ्या. दादा म्हणाला, मी दारूला शिवत नाही, मला काय होतंय!

सोनोग्राफी स्वस्त आहे, नाशकात कुठेही होते. पण यकृतात साधारण 20-30 टक्के चरबी साचल्यावरच ती नीट दिसते आणि ग्रेड म्हणजे फक्त यकृत किती पांढुरकं दिसलं, एवढंच. यकृत किती कडक होत चाललंय, म्हणजे फायब्रोसिस किती, हे त्यात कळत नाही. पुढचा धोका तर त्यावरच ठरतो. म्हणून ग्रेड 2 चा 1 झाला का हे बघायला दर तीन महिन्यांनी सोनोग्राफी करणं मला पटत नाही. एसजीपीटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होणंही चूक. नॉर्मल असूनही फायब्रोसिस असू शकतो.

मला सगळ्यात उपयोगी वाटला तो फायब्रोसिसचा अंदाज देणारा फिब-4 हा हिशोब. त्याला वेगळी तपासणी लागत नाही. एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम), एसजीपीटी आणि प्लेटलेट्स आधीच्या रिपोर्टमध्ये बहुधा असतातच. वर वय गुणिले एसजीओटी, खाली प्लेटलेट्स (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ; वरच्याला खालच्याने भागायचं. दादाचं वय 52, एसजीओटी 48, एसजीपीटी 64, प्लेटलेट्स 2 लाख 10 हजार. उत्तर आलं 1.49. 1.3 च्या खाली असतं तर गंभीर फायब्रोसिसची शक्यता कमी; 2.67 च्या वर असतं तर थेट यकृततज्ज्ञ. पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही आणि पासष्टीनंतर 1.3 ऐवजी 2 धरतात.

दादा मधे अडकला, म्हणून फायब्रोस्कॅन. तो गंगापूर रोडला मिसळ हाणून गेला आणि त्याला थांबवून ठेवलं. किमान तीन तास पोट रिकामं लागतं, नाहीतर आकडा फुगतो. उताणं झोपवून, उजवा हात डोक्यामागे घ्यायला लावून, बरगड्यांच्या फटीत प्रोब टेकवतात आणि टिचकी मारल्यासारखे दहाएक ठोके देतात. दुखत नाही. आकडा आला 6.1 किलोपास्कल. 8 च्या खाली म्हणजे बरंच हायसं. एमआरआय चरबी सर्वात अचूक मोजतो, पण महाग. बायोप्सी निदानाबद्दल शंका उरली तरच.

खरी गोम निघाली साखरेत. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर) 6.2, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर (5.7 ते 6.4). ट्रायग्लिसराइड्सही (रक्तातली चरबी) 150 च्या वर, कंबर 98 सेंटिमीटर; आपल्याकडे पुरुषांना 90 आणि बायकांना 80 ही मर्यादा धरतात. 2023 साली या आजाराच्या नावातलं ‘नॉन-अल्कोहोलिक’ जाऊन ‘मेटाबॉलिक’ (चयापचयाशी जोडलेलं) आलं, ते याचसाठी. तेव्हा पैसे मोजकेच असतील तर फायब्रोस्कॅनआधी एचबीएवनसी, लिपिड प्रोफाइल आणि एकदा हिपॅटायटिस बी-सी करून घ्या.

कावीळ, पोटात पाणी, पायांवर सूज किंवा रक्ताची उलटी असेल तर मात्र यातला एकही हिशोब करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.