टर्बाइनमागचा तेलाचा टेंडर की दोन इंजिनांमधला एलएनजीचा: एचओ मापात काय बांधावे?

डिझेलखेरीज दुसऱ्याच इंधनावर चाललेल्या इंजिनाची प्रतिकृती एचओ मापात, म्हणजे मूळच्या 1/87 आकारात, आणि तीही टेंडरसकट, म्हणजे इंजिनाला जोडलेल्या इंधनाच्या वेगळ्या डब्यासकट, बांधायची ठरवली की भारतीय नमुने फारसे उपयोगी पडत नाहीत. रेवाडी-रोहतक मार्गावर 2015 मध्ये सीएनजी आणि डिझेल अशा दुहेरी इंधनाची गाडी सुरू झाली खरी, पण तिला टेंडर नाही. त्यामुळे अमेरिकेकडे वळावे लागते आणि तेथे निवड बहुधा दोहोंत होते. पहिला पर्याय युनियन पॅसिफिकच्या 8,500 अश्वशक्तीच्या गॅस टर्बाइन इंजिनांचा, दुसरा फ्लोरिडा ईस्ट कोस्ट रेल्वेच्या एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या दोन इंजिनांच्या जोडीचा. मी दोन्ही बांधले आहेत. माझ्या घरच्या रुळांवर सध्या कोणता धावतो, हे पुढील मजकुरातून लपणार नाही.

इतिहासाचे आकर्षण दोन्हीकडे आहे. 1958 ते 1961 या काळात बांधलेली ती तीस टर्बाइन इंजिने बंकर सी नावाच्या जाड, स्वस्त, गाळवजा तेलावर चालत. हे तेल तापवल्याशिवाय वाहत नसे; म्हणून मागे उष्णतारोधक आवरणाचा 24,000 गॅलनचा टेंडर जोडलेला असे आणि तो जुन्या वाफेच्या इंजिनांच्या टेंडरांतून तयार केलेला होता. तेल महागले, टर्बाइनच्या पात्यांची झीज परवडेनाशी झाली आणि 1969 च्या अखेरीस हा प्रयोग संपला. एलएनजीची गोष्ट आजची आहे. उणे 162 अंश सेल्सियसला द्रवरूप झालेला नैसर्गिक वायू दुहेरी भिंतीच्या टाकीत भरून तो टेंडर पाठीला पाठ लावून उभ्या केलेल्या दोन इंजिनांच्या मधे ठेवतात आणि एकाच टाकीतून दोघांनाही वायू पुरवतात. एवढ्याच आकारमानाच्या डिझेलपेक्षा एलएनजीत ऊर्जा बरीच कमी असते, म्हणून स्वतंत्र टेंडरचा हा खटाटोप.

नुसते बांधकाम पाहिले तर एलएनजीचा टेंडर अधिक आनंद देतो, हे मान्य करायला हवे. कंटेनरच्या चौकटीतली टाकी, तिचे घुमटासारखे टोक, झडपा, बारीक नळ्या, चालण्याच्या फळ्या असे सारे उघडे असते आणि हात राबवायला भरपूर जागा मिळते. आठ फूट रुंदीची चौकट आपल्या मापात 28 मिलिमीटर होते. पुण्याच्या बोहरी आळीत मिळणारी पीव्हीसीची नळी मात्र 25 ची किंवा 32 ची असते, म्हणजे एक बारीक आणि एक जाड. 25 च्या नळीवर दीड मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा पत्रा गरम पाण्यात मऊ करून गुंडाळला की माप नेमके जुळते, आणि थ्रीडी प्रिंटवर पांढऱ्या रंगाखालूनही डोकावणाऱ्या त्या थरांच्या रेषा येथे नसतात. टोके तेवढी प्रिंट करून घासून घ्यावीत. टर्बाइनचा टेंडर त्या मानाने साधी लांबट पेटी आहे. दोनतीन रविवारांत आटोपतो आणि बांधताना फारसे काही शिकवत नाही.

मग मन फिरले कशाने? तर टेंडर आणि इंजिनांना जोडणाऱ्या होजपाइपांनी. एलएनजीच्या टेंडरच्या दोन्ही टोकांना वायूची आणि विजेची जोडणी असते आणि ती ठळकपणे दिसते. ती वगळली तर ही जोडी म्हणजे दोन डिझेल इंजिनांमधला एक टँकर एवढेच उरते. पण ही जोडणी खरोखर दोन्ही बाजूंना अडकवली, की 18 इंच त्रिज्येच्या वळणावर होजपाइप म्हणून लावलेली वायर वाकून उलटा जोर लावते आणि टेंडरची आतल्या बाजूची चाके केसभर उचलली जातात. सरळ रुळावर सर्व काही उत्तम चालते, पण वळण संपताना नेमका टेंडर रुळावरून उतरतो. तापकीर गल्लीत मिळते ती सर्वांत बारीक सिलिकॉनची वायर वापरली तरी त्रास कमी होतो, जात नाही. एक टोक मोकळे सोडावे तर ते लोंबकळताना दिसते.

त्यात वजनाची भर पडते. एनएमआरए या अमेरिकेतील रेल्वे प्रतिकृतीकारांच्या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे 1 औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस धरले, तर आठ इंची टेंडरला 5 औंस, म्हणजे सुमारे 142 ग्रॅम वजन हवे. चौकट उघडी असल्याने शिसे लपवायला टाकीखेरीज जागा नाही, आणि टाकीत भरले की गुरुत्वमध्य वर जातो. शिवाय दोन्ही इंजिनांत मोटर असेल, तर डिकोडरमध्ये, म्हणजे मोटरचे नियंत्रण करणाऱ्या चिपमध्ये, वेग कितीही जुळवून ठेवला तरी मोटरी तापल्यावर एक किंचित पुढे ओढते, दुसरी मागे रेटते आणि दोघांच्या भांडणात मधल्याचा बळी जातो. एक इंजिन बिनमोटरचे ठेवणे हा त्यावरचा बरा उपाय आहे, पण होजपाइपांचे दुखणे त्याने बरे होत नाही.

टर्बाइनच्या टेंडरला हे काहीच सोसावे लागत नाही. तो दोन भागांच्या इंजिनामागे असतो, तेलाची जोडणी एकाच बाजूला आणि खाली दबलेली, पेटी बंद असल्यामुळे शिसे थेट तळाशी चिकटवता येते. मागून गाडीची ओढ बसली तरी तो मुकाट्याने रुळावर राहतो. त्याचे दुखणे रंगाचे आहे. युनियन पॅसिफिकचा तो पिवळा रंग पावसाळ्यात स्प्रेने मारला, तर पुण्याच्या दमट हवेत त्यावर पांढरट झाक धरते. एलएनजीच्या पांढऱ्या टाकीवर हीच झाक कोणाच्या लक्षातही येत नाही. रंगकाम दसऱ्यानंतर ठेवले की प्रश्न मिटतो.

कोथरूडचे जोशींचे लघुरेल्वे संग्रहालय पाहून ज्यांना हा छंद लागला, त्यांच्यापैकी कोणाकडे तशी ऐसपैस वळणे टाकण्याइतकी जागा असेल, किंवा प्रतिकृती काचेच्या कपाटातच ठेवायची असेल, तर त्यांनी एलएनजीची जोडी जरूर बांधावी. पाहणारा तिच्याजवळ अधिक वेळ थांबतो, हा माझाही अनुभव आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पलंगाखालून बाहेर ओढायच्या फळीवर गाडी चालवणाऱ्याला मात्र, माझ्या अल्पमतीनुसार, टर्बाइन अधिक सुख देईल. आणि तेही मोठे वाटत असेल, तर युनियन पॅसिफिकने 1953 मध्ये 57 क्रमांकाचे टर्बाइन इंजिन काही काळ प्रोपेनवर चालवून पाहिले होते. त्याचा टेंडर म्हणजे दाबाखालच्या वायूचा टँकर डबा होता, त्यामुळे बाजारात मिळणारा तयार टँकर घेऊन त्यावर जुजबी फेरफार केले तरी काम भागते.